करंजेल चोळलेले टायर

थंडीत मोटारीचे टायर तडकू नयेत म्हणून मी त्यांना सव्वा महिना रोज करंजेल चोळलं.

धोंडू, हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं. लिहून झाल्यावर उठून दार लावून आलो. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, तरी लावलं. तू गेल्याला आज अठरा दिवस झाले, आणि मी अजून दारं लावत बसलोय, यावरून काय ते ओळख.

माझ्या गाढवपणावर मुरबाडच्या मोटारस्टँडवरचं हॉटेल चालतं, असं तूच म्हणायचास. मी आत शिरलो की मालकाला सांगायचास, "मास्तर आला. दूध वाढव. आता लोक उठत नाय तासभर." शाळेची नोकरी सुटून मला दहा वर्षं झाली, मोटर घेऊन आणि तुला तिच्यावर ड्रायव्हर ठेवून आठ, पण तुमच्या तोंडी मी मास्तरच राहिलो. किन्हवलीला पॅसेंजर चहा प्यायला उतरले आणि मी रिकामी मोटर घेऊन शहापूरला पोचलो, वर दार उघडून कुणी का उतरत नाही म्हणून उभा राहिलो, ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. रेडिएटर उकळला, जवळ पाणी नाही, म्हणून शेतावरच्या बाईकडून घेऊन त्यात पेज ओतली, आणि मग तू तीन दिवस तारेनं आतली शितं काढत बसलास, तीही सांगितली. स्वतःला हसायला मला कधी लाज वाटली नाही. लोक म्हणायचे, मास्तराचं मन साफ आहे, स्वतःचं काही लपवत नाही.

एवढी एकच लपवली. ती तुझ्या नावावर खपली.

शहापूरला अब्बासभाईच्या दुकानात आपण टायर घ्यायला गेलो तो दिवस मला आज फार आठवतो. लढाईचे दिवस. नवा टायर म्हणजे परमिट, परमिट म्हणजे कचेरी, आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवून वर्षभरानं आपल्याला दोन टायर मंजूर झालेले. परमिट माझ्या नावावर, झिजलेल्या वहाणा तुझ्या. दसरा झाला होता. पावसाळाभर लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी असलेली मोटर खाली उतरवायची, नद्यांचं पाणी ओसरलं की मुरबाड–शहापूर सर्व्हिस सुरू करायची, आणि पूस महिन्यात म्हसा गावच्या जत्रेला घोंगड्या नि बैल घ्यायला निघालेली माणसं वाहायची. आपली सगळी कमाई थंडीची. म्हणून टायर घ्यायचे ते थंडी डोळ्यांसमोर ठेवून, एवढ्यावर आपलं दोघांचं एकमत होतं. त्यापुढं कशावरच नव्हतं.

अब्बासभाईकडं दोन जोड्या होत्या. एका जोडीवर विटेएवढे उंच चौकोन, मध्ये बोट जाईल अशा खाचा. दुसरीवर नुसत्या लांब सरळ रेघा, शेतातल्या सरीसारख्या. मी अब्बासभाईचं इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात चौकोनवाल्या टायरची मोटर बर्फातून चालली होती, आणि आतला साहेब हसत होता. खाली थंडीत रबर कडक होतं, तडकतं, वगैरे लिहिलेलं. मी ते तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, आणि वर म्हटलं, "हेच घ्यायचे. थंडीसाठीच केलेत."

तू एक टायर आडवा पाडून त्यावर चढलास, उतरलास. नखानं रबर दाबलंस, नखाची खूण भरून येते का बघितलंस. बोटाच्या सांध्यानं कडेला टकटक करून कान लावलास. मग बादलीभर पाणी मागून दुकानाच्या फरशीवर ओतलंस आणि ओल्या फरशीवर टायर उभा करून पायानं रेटून बघितलास. अब्बासभाई कंटाळून म्हणाला, "धोंडूभाय, टायर लेने आया है की नवरी बघायला?"

"नवरी एवढी बघितली नव्हती," तू म्हणालास. "तिथं चुकलो तर मी एकटा मरतो."

मग माझ्याकडं वळलास. "मास्तर, हे बर्फाचे. आपल्याकडं थंडीत काय पडतं, सांग."

"दव," मी म्हटलं.

"दव पडतं. आणखी?"

मी पुन्हा पुस्तकात बघितलं.

"पत्रीचा खिळा पडतो. भात झोडून झालं की सगळ्या गाड्या भात नि गवत घेऊन ठेसनाला निघतात. बैलांच्या खुरांना नव्या पत्र्या ठोकल्यात. आसनगावपर्यंत रस्ता खिळ्यांनी पेरलेला असतो. ह्या तुझ्या खाचेत खिळा बसला की बसला. चाकासंगट फिरतो नि आत घुसतो. सरळ रेघेत तो टिकत नाय, फेकला जातो." मग बोटांवर मोजत पुढचं. गाड्यांवरून सांडलेला पेंढा सकाळी दवानं भिजतो, त्यावर चौकोन नाचतात, रेघ चिकटते. लोकल बोर्ड नवी खडी टाकतं ती थंडीतच, तिला जाड कड हवी. सकाळच्या गारठ्यात हवा ठासून भरायची नाही, दुपारी किन्हवलीच्या उघड्या माळावर ती फुगते नि फोडते. हे सगळं तू एका दमात बोललास. मला वाटतं तू आयुष्यात एकदम एवढं तेव्हाच बोललास. अब्बासभाईनं इंग्रजी पुस्तक माझ्या हातातून अलगद काढून घेतलं.

मी तासभर भांडलो. खरं तर तुझं पटलं होतं, पण साहेबाच्या पुस्तकापेक्षा तुझी बोटं शहाणी निघाली हे सहन होत नव्हतं. परत येताना भाड्याच्या बैलगाडीत टायरांवरच बसून दुसरं भांडण काढलं. नवे दोन पुढं घालायचे की मागं? तू म्हणालास पुढं, पुढचा फुटला तर मोटर हातात राहत नाही. मी म्हणालो मागं, वजन मागं असतं. सरळगावपर्यंत आपण यावर बोललो. मोटर तुझ्या हातात असल्यामुळं टायर पुढंच गेले. वाद मात्र मिटला नाही. पुढं तो मी किती हलकटपणे वापरला ते येईलच.

मार्गशीर्ष लागला आणि तुला हिवतापानं धरलं. पाच आठवडे तू घोंगडीखाली. मोटर माझ्या पडवीत उभी. मी चालवू शकत होतो, पण लोक माझ्या मागं बसायला तयार नव्हते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

रिकामा माणूस फार विचार करतो. त्या साली थंडी कडक होती. सकाळी मोटारीच्या टपावर दवाचं पाणी साचलेलं असायचं. माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांना मी करंजाच्या बियांचं तेल लावून शेकत बसलो होतो. समोर तुझे टायर. पुस्तकात वाचलं होतं, थंडीत रबर तडकतं. टाच तडकते, तिला करंजेल. बैलाची मान तडकते, तिला करंजेल. टायर तडकला तर त्याला काय? मी उठलो, वाटी घेतली आणि टायर चोळायला बसलो. आपल्या मुलखात ज्याला त्याला करंजेल लावतात, पण चाकाला लावणारा मीच पहिला. रोज संध्याकाळी लावायचो. वरून तेलात भिजवलेलं गोणपाटाचं किंतान गुंडाळून ठेवायचो. मनात म्हणायचो, धोंडू उठला की बघेल, टायर कसे मऊ ठेवलेत. त्याच्या नखाची खूण आता कशी भरून येते बघ.

नसती आली. रबर नुसतं मऊ झालं नव्हतं, आतून सुटलं होतं. पण ते मला कळायला तुझी बोटं नव्हती.

जत्रेच्या दोन दिवस आधी तू काठी टेकत आलास. त्याच सकाळी मी टायर राखेनं घासून कोरडे केले होते. का केले? चकाकी जास्त दिसत होती म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. तुझं नाक सर्दीनं बंद. पुढच्या टायरवर हात ठेवून तू थबकलास.

"मऊ लागतो रे."

"दव प्यालाय," मी म्हटलं.

तू माझ्याकडं बघितलंस. मग हातातली काठी टाकून गाडीत बसलास. अंगात कणकण होती, जत्रा तोंडावर होती, आणि मी पडवीत पाच आठवडे मोटारीची राखण केली होती. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्याच्याइतकी वाईट गोष्ट माझ्याबाबतीत कुणीच केली नाही.

जत्रेच्या पहिल्याच सकाळी म्हशाच्या वाटेवर, उतारावर, डाव्या बाजूच्या पुढच्या टायरचं कातडं निघालं. फुटला नाही, सोलला गेला, उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा. मोटर बांध ओलांडून कापलेल्या शेतात आडवी झाली. तू चाक कसं धरून ठेवलंस कुणास ठाऊक, माणूस मेलं नाही. पण सरळगावच्या एका म्हातारीचा हात मनगटाशी मोडला. ती शेतात बसून मोडलेला हात मांडीवर घेऊन म्हणत होती, "माजी घोंगडी रायली गो." तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

हात मोडला म्हणजे पोलीस आला. परमिटचे टायर म्हणजे कचेरी आली. ठाण्याहून एक अधिकारी आला आणि मुरबाडच्या कचेरीत टेबलावर तो सोललेला टायर ठेवला गेला. फुगलेला, चिकट. खोलीभर करंजेलाचा कडू वास. अधिकाऱ्यानं रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

सरकारी रबर लढाईच्या काळात परमिटवाल्यानं स्वतःच नासलं तर परमिट जातं, मोटर उभी राहते, हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं. मी बोलणार होतो, धोंडू. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू म्हणालास, "मी, साहेब."

इथवर मला माफ करता आलं असतं. माणूस भितो. पण मी नुसता गप्प बसलो असतो तर मी मी कसला. उघडलेलं तोंड रिकामं मिटायची मला सवय नाही. मी पुढं झालो आणि म्हणालो, "साहेब, तो जरा अडाणी आहे. मी त्याला टायर मागं घाल म्हणून सांगितलं होतं, तेही त्यानं ऐकलं नाही."

तू मान वर केली नाहीस. तुझं लायसन दोन वर्षांसाठी काढून घेतलं. बाहेर आल्यावर मी तुझ्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तू म्हणालास, "ज्याक मागच्या चाकाशी रायलाय. आणून ठेव, चोरीला जाईल." एवढंच. त्या दिवसाबद्दल नंतर तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मीही नाही.

लोकांनी तुला करंजेल्या नाव पाडलं. जत्रेत, बाजारात, लग्नात. "करंजेल्या, माझ्या सायकलीला पण लाव की थोडं." तू हसायचास. मी दुसरा ड्रायव्हर ठेवला. पेट्रोल मिळेना झालं तेव्हा मोटारीच्या मागं कोळशाचा गॅस करणारी भट्टी बसवली, आणि तिचा कोळसा वैशाखऱ्याच्या बाजूच्या जंगलातून यायचा, आणि तिथं तो जाळत होतास तू. लायसन नाही, दुसरं काम येत नाही, ठाकर आदिवासींच्या माणसांबरोबर तू भट्ट्या लावायचास. भट्ट्यांचा धूर छातीत घेऊन तू जो कोळसा काढलास त्यावर माझी मोटर दोन थंड्या चालली. ही गोष्ट मी हॉटेलात सांगितली नाही. तीत हसण्यासारखं काही सापडलं नाही.

तेलाची सांगितली.

हो, तू होतास समोर. तुला नसेल आठवत असं मी स्वतःला सांगत आलो, पण तुला टायरवरचा नखाचा ओरखडा वर्षानं आठवायचा. दिवाळीचा आदला बाजार, हॉटेल भरलेलं, माझ्या जुन्या गोष्टी संपलेल्या. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, करंजेलाची सांग." आणि मी सांगितली. तुझ्या नावानं. टाचेच्या भेगा, बैलाची मान, किंतान, राख, सगळं जसं घडलं तसं, फक्त वाटी तुझ्या हातात दिली, आणि तुला तापातून उठवून रोज माझ्या पडवीत आणलं. लोक बाकावरून पडायचे बाकी होते. फार चांगली सांगितली, कारण आतली माहिती माझी होती. तू कोपऱ्यात बशीत चहा ओतत होतास. राखेचा भाग आला तेव्हा तुझा हात थांबला. राखेचं तुला माहीत नव्हतं. ते तुला तिथं कळलं, माझ्या गोष्टीतून, सगळ्यांबरोबर. मग तू बशी तोंडाला लावलीस, चहा संपवलास, आणि सगळ्यांच्या मागून थोडं हसलास.

दोन वर्षांनी लायसन परत मिळालं. तू एकदाच गाडीवर बसलास. एक माणूस पायरीवर पाय ठेवून म्हणाला, "करंजेल्या चालवतोय काय? मग मी गाडीबैलानं जातो." बाकीचे हसले, दोघे उतरले. मी काय केलं? मीही हसलो, आणि दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारली. तू खाली उतरून चारी टायरांभोवती एक फेरी मारलीस, एकाची हवा कमी केलीस आणि घरी गेलास. या तालुक्यात ओल्या पेंढ्यावरून मोटर कशी न्यावी हे समजणारा तू एकच माणूस होतास. त्यानंतर तू भात भरडायच्या गिरणीवर पोती उचललीस.

या पुसात तू आजारी पडलास म्हणून बघायला आलो. तू भिंतीला टेकून बसलेला. खोकल्याच्या दोन उबळींच्या मध्ये विचारलंस, "कोणते घातलेस?"

मला कळलं, टायर विचारतोयस. लढाई संपली तरी टायर अजून मिळत नव्हते, पण मी खटपट करून दोन आणले होते. म्हटलं, "रेघांचेच."

"पुढं?"

"पुढं."

तू मान हलवलीस.  तुझं घर, ती दुपार, बाहेर तुझी चंद्रा, माझी वैनी, भात कांडत होती. धोंडू, तेव्हा बोलायचं होतं. तुला काही नको होतं, फक्त एवढं की मी एकदा हॉटेलात उभं राहून सांगावं, तेल मी लावलं. चार वर्षं तू त्याचीच वाट बघत असशील. मी विचारलं, "काढा घेतोस ना?" तू म्हणालास, "घेतो." मी उठलो.

माघात तू गेलास.

तेराव्याला तुझ्या अंगणात सगळे जमले. जेवणं झाली, पानं काढली, आणि माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलू लागली. चांगलं बोलता बोलता कुणीतरी करंजेलावर आलंच. हसू दाबत, "बिचारा, पण डोकं चालवायचा," अशा थाटात.  मी उभा राहिलो. सगळ्यांसमोर, हात जोडून सांगितलं, "तेल धोंडूनं लावलं नाही. मी लावलं. राख मी लावली. कचेरीत तो माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी त्याला अडाणी म्हटलं."

गणू पाटील, म्हातारा, तुझ्या बापाच्या वयाचा, हसायला लागला.

"मास्तर, आता त्याचा पण गाढवपणा तू घेतोस काय? तुझे तुला कमी पडले?"

"पाटील, खरं सांगतोय."

"सांग, सांग. पण ती गोष्ट तूच आमाला सांगितलेली त्याच्या नावानं. मी होतो की हाटेलात. आता बदलतोस होय?" मग गंभीर झाला. "चांगलं केलंस पण. मेलेल्या माणसाची लाज आपल्या अंगावर घ्यायला मोठं मन लागतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी शपथ घेतली, गळा काढला, वाटी, किंतान, टाचेच्या भेगा, सगळं पुन्हा सांगितलं, आणि जितकं सांगत गेलो तितका मी त्यांच्या डोळ्यांत थोर होत गेलो. दोघातिघांचे डोळे पाणावले. आयुष्यभर खोटंखरं करून मी जी गोष्ट सांगितली तिला लोक हसले, आणि एकदा खरी सांगितली तर त्यांनी माझी आरती ओवाळली. तुझं नाव जिथं होतं तिथंच राहिलं. वर माझं धुऊन निघालं.

माणसं पांगली. मी ओटीवर तसाच बसून राहिलो. चंद्रावैनी दारात येऊन उभी राहिली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"वैनी, तुम्ही तरी विश्वास ठेवा," मी म्हटलं.

"मला ठावं हाय. टायर सोलला त्याच दिवशी सांगितलेलं त्यांनी. टायर बघितला, तुमचं तेल वळखलं, मंग कचेरीत गेले."

"मग कधी बोलला नाहीत?"

"त्यांनी बोलू नको म्हटलं."

मी म्हटलं, "माझ्यासाठी एवढं केलं त्यानं, वैनी. माझ्यासाठी जन्म घालवला."

तिनं माझ्यासमोरचा पाण्याचा तांब्या उचलला.

"तुमच्यासाठी कशाला करतील? मोटर उभी रायली असती म्हणून केलं. तुमी तिच्यावर होता काय नि नव्हता काय, त्यांना काय पडलेलं नव्हतं."